सायलेन्सर घरी बदलला, दंड चालवणाऱ्याला. विकणारा आणि जोडणारा मात्र मोकळा

छत्रपती संभाजीनगर : म्हैसमाळचा घाट, गौताळ्याच्या कडेचे रस्ते, पैठणकडे जायकवाडीच्या फुगवट्याला लागून असलेल्या गाळपेराच्या वाटा. रविवार उजाडला की या भागात जीप आणि थारचे ताफे दिसतात. आता ते नुसते दिसत नाहीत, दोन शिवारं आधीच ऐकू येतात. कंपनीचा सायलेन्सर काढायचा, त्याजागी सरळ पाईप किंवा बाजारातला 'स्पोर्ट्स' डबा बसवायचा, आणि हे सगळं घराच्या अंगणात किंवा गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात उरकायचं, असा प्रकार तालुक्या-तालुक्यात रुळला आहे. बुलेटच्या 'इंदोरी' आणि 'पंजाबी' सायलेन्सरनं सुरू झालेला नाद चारचाकीपर्यंत आणि ट्रॅक्टरपर्यंत पोहोचला.

यावर पोलिसांचं उत्तर ठरलेलं आहे. नाकाबंदी, दंड, सायलेन्सर जप्त, आणि शेवटी जप्त केलेल्या नळकांड्यांवर रोड रोलर. राज्यातल्या अनेक शहरांत असे फोटो छापून आले. फोटो चांगले येतात. पण रोलर फिरल्यावर पंधरा दिवसांत त्याच रस्त्यावर तोच आवाज पुन्हा का येतो, याचं उत्तर त्या फोटोत नसतं.

कायदा आहे, पण कोणत्या कलमाचा?

मोटार वाहन कायदा १९८८ मधलं कलम ५२ सांगतं की, कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात हेच कलम कडक अर्थानं वाचलं. त्यानंतर 'मॉडिफाय गाडी बेकायदा' हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी बसलं. खरी गोम अशी की नोंदणी प्रमाणपत्रावर सायलेन्सरचा उल्लेखच नसतो. रंग असतो, इंजिन क्रमांक असतो, आसनं असतात. त्यामुळे सायलेन्सरचा प्रश्न प्रत्यक्षात दुसऱ्या दोन-तीन कलमांवर येऊन थांबतो.

पहिलं कलम १९० (२). आवाज आणि प्रदूषणाची मानकं मोडणारी गाडी सार्वजनिक ठिकाणी चालवली, तर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स बाद. दुसरं १८२ अ (४). मालकानं गाडीत परवानगी नसलेला बदल केला, बाहेरचा भाग बसवला, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही. ही दोन्ही २०१९ च्या दुरुस्तीनंतरची रूपं आहेत. तिसरं कलम १९८, दंड एक हजार. सायलेन्सरच्या कारवायांत याचाही वापर झालेला दिसतो. गंमत अशी की हे कलम मुळात उभ्या गाडीत कुणी अधिकार नसताना शिरलं किंवा तिच्या यंत्रणेशी छेडछाड केली, तर त्यासाठी आहे. स्वतःच्याच गाडीचा सायलेन्सर बदलणाऱ्याला ते लावायचं म्हणजे ओढाताणच.

म्हणजे एकाच डब्यासाठी एका नाक्यावर हजार आणि दुसऱ्या नाक्यावर दहा हजार, असं होऊ शकतं. कोणतं कलम लागेल हे समोरच्या साहेबांवर. पोरांना हे पक्कं ठाऊक आहे. हजार रुपये भरून सुटता येत असेल, तर तो दंड न राहता हौसेचा खर्च होतो.

मोजायचं कुणी?

आवाजाची मर्यादा ठरलेली आहे. पर्यावरण संरक्षण नियमांनुसार ८० ते १७५ सीसीपर्यंतच्या दुचाकीला ७७ डेसिबल, १७५ सीसीच्या पुढच्या दुचाकीला ८० आणि प्रवासी कारला ७४. बुलेट ३५० सीसीची, म्हणजे तिला ८०. पण हे आकडे नवीन मॉडेलला मान्यता देतानाचे आहेत. मोकळ्या मैदानात, ठरावीक पृष्ठभागावर, गाडी ठरावीक वेगानं आणून, साडेसात मीटरवर माईक ठेवून ही चाचणी होते. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत ती करतात. वैजापूरच्या नाक्यावर ती होऊ शकत नाही. तिथं हवालदार कानानं आणि डोळ्यानं ठरवतो. डबा कंपनीचा दिसत नाही, आवाज मोठा आहे, लिही पावती. प्रकरण पुढं न्यायालयात गेलं तर 'किती डेसिबल होता' या प्रश्नाला कागदावर उत्तर नसतं.

डेसिबलचं गणितही सरळ नाही. ८० चा ९० झाला म्हणजे दहानं वाढला असं वाटतं. प्रत्यक्षात ध्वनीची ऊर्जा दहापट होते आणि कानाला तो साधारण दुप्पट मोठा वाटतो. नाक्यावर कानानं अंदाज करणारा माणूस दहा-बारा डेसिबल इकडं-तिकडं सहज चुकू शकतो.

मग पीयूसी कशाला आहे, असा प्रश्न गावात हमखास येतो. पीयूसी केंद्रावर पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साईड आणि हायड्रोकार्बन तपासतात, डिझेल गाडीच्या धुराची घनता तपासतात. आवाज तपासतच नाहीत. सायलेन्सरचा डबा काढून नुसता पाईप ठेवलेली गाडी केंद्रात कानठळ्या बसवत येते आणि प्रमाणपत्र घेऊन जाते. दरवर्षी प्रत्येक गाडी ज्या एका जागी जाते, तिथंच या दोषाची तपासणी नाही. रोड रोलरपेक्षा स्वस्त आणि नेमका उपाय इथं होऊ शकला असता.

विकणाऱ्याचं काय?

सायलेन्सर आकाशातून पडत नाही. तो कुणीतरी बनवतो, कुणीतरी विकतो, कुणीतरी जोडतो. २०१९ च्या दुरुस्तीत गाडीचा उत्पादक, आयातदार आणि विक्रेता यांच्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा प्रत्येक वाहनामागे एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. सुट्या भागांसाठीही तरतूद आहे, पण ती सुरक्षेच्या दृष्टीनं महत्त्वाचे म्हणून अधिसूचित केलेल्या भागांपुरती. स्पेअरच्या दुकानात टांगलेला सुटा डबा या चौकटीत सरळ बसत नाही. दुकानदार म्हणतो, मी फक्त पाईप विकला, तो रस्त्यावरच्या गाडीला लावा असं सांगितलं नाही. ऑनलाईन विक्रीत तर बारीक अक्षरांत 'फक्त शर्यतीसाठी' लिहिलं की झालं. खुलताबाद तालुक्यात शर्यतीचा ट्रॅक कुठं आहे, हे विचारणारं कुणी नाही.

हे ज्या जिल्ह्यात घडतं त्याचीही मौज आहे. वाळूजला बजाजचा कारखाना १९८० च्या दशकापासून आहे, शेंद्र्याला स्कोडा आहे, आणि या दोन्हींच्या आजूबाजूला सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांची रांग आहे. पत्रा वाकवणं, पाईप बेंड करणं, वेल्डिंग यात हात बसलेली शेकडो माणसं गंगापूर, पैठण, फुलंब्रीच्या गावांतून रोज शिफ्टला जातात. त्यामुळे सायलेन्सर घरी बनवणं इथं अवघड नाही. कौशल्य इथलंच आहे. अडचण कौशल्याच्या बाहेरची आहे: कारखान्यात सायलेन्सर बनतो तेव्हा त्यामागे चाचणी असते, अंगणात नसते.

डब्याच्या आत काय असतं

जुन्या एमएम ५४० किंवा कमांडर जीपचा सायलेन्सर म्हणजे खरोखर डबा होता. आत जाळीची नळी, भोवती पोकळी. तो काढून दुसरा लावला तर आवाज बदलायचा, बाकी फारसं बिघडत नव्हतं. घरी जोडकाम करण्याची सवय त्या काळातली. एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि हे गणित पालटलं. पेट्रोल गाडीत आता कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि त्याच्या आगेमागे ऑक्सिजन सेन्सर असतात. डिझेलमध्ये काजळी अडवणारा फिल्टर म्हणजे डीपीएफ, त्याच्या दोन्ही टोकांचा दाब मोजणारा सेन्सर, तापमानाचे सेन्सर. इंजिनचा संगणक या सगळ्यांकडून खबर घेत इंधन सोडतो.

पाईपच्या अगदी शेवटचा डबा बदलला तर संगणकाला पत्ता लागत नाही. पण पोरं तिथं थांबत नाहीत. 'मधला डबा काढला की पिकअप वाढतो' असं कुणीतरी व्हिडिओत सांगितलेलं असतं. मधला डबा काढला की सेन्सरला चुकीची खबर जाते, डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागतो, आणि डिझेल गाडी अनेकदा स्वतःची ताकद कमी करून घेते. मग सेन्सर फसवायला आणखी खर्च. पिकअप वाढवायला निघालेली गाडी घाटात रांगते, असा उलटा प्रकार होतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम हे मौल्यवान धातू असतात. म्हणून भंगारवाला त्याचे बरे पैसे देतो आणि काढणारा खूश होतो. परत कंपनीचा नवीन घ्यायची वेळ आली की किती पटीनं मोजावे लागतात, ते शोरूमच्या काउंटरवर कळतं.

टर्बो डिझेलबाबत एक गोष्ट खरी आहे. टर्बोचं चाकच धुराच्या धक्क्यांना बरंच शांत करतं, म्हणून सरळ पाईप लावूनही ती पेट्रोलइतकी बोंबलत नाही. एवढ्या एका खऱ्या गोष्टीच्या आधारावर बाकीचं सगळं चुकीचं काम उभं राहतं.

पोलिसांपेक्षा मोठा धोका

या विषयावरची चर्चा आवाजापाशी थांबते. खरं तर आवाज हा त्यातला सगळ्यात कमी जिवावरचा भाग आहे.

घरी जोडलेल्या पाईपचा सांधा गळका राहिला, किंवा पाईप बंपरच्या मागपर्यंत न आणता गाडीच्या पोटाखालीच तोडला, तर धूर आत येतो. जीपसारख्या चौकोनी पाठीच्या गाडीमागे चालताना हवेची पोकळी तयार होते आणि ती धूर ओढून घेते. मागचा दरवाजा किंवा कॅनव्हास उघडा ठेवून चालवलं तर आणखी जास्त. कार्बन मोनॉक्साईडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीनं चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग झोप येते. मागच्या सीटवर लेकरं झोपली की घरच्यांना वाटतं, प्रवासानं दमली.

दुसरा धोका आगीचा, आणि तो ग्रामीण भागात जास्त. कंपनीनं पाईपवर पत्र्याचं उष्णतारोधक कवच दिलेलं असतं. घरी जोडताना ते बसत नाही म्हणून कोपऱ्यात फेकलं जातं. डीपीएफ स्वतःतली काजळी जाळतो तेव्हा आतलं तापमान ६०० अंशांच्या आसपास जातं. अशी गाडी उसाच्या पाचटावर, वाळल्या गवतावर किंवा कडब्याच्या गंजीशेजारी उभी केली तर काय होईल, ते शेतकऱ्याला सांगायची गरज नाही. कन्नड-सोयगावच्या डोंगरपट्ट्यात उन्हाळ्यात वणव्यांचं भय असतंच. केंद्रीय मोटार वाहन नियमांत धुराचा पाईप इंधनाच्या नळीपासून किमान ३५ मिलिमीटर लांब हवा असं स्पष्ट लिहिलं आहे. अंगणात काम करताना पट्टी घेऊन हे अंतर मोजणारा माणूस विरळा.

तिसरा धोका काम करणाऱ्यालाच. गाडी विटांवर किंवा एकट्या जॅकवर उचलून खाली सरकणं, हे गावोगाव दिसतं. वीट दाबाखाली फुटते, जॅक सरकतो. स्टँड लावल्याशिवाय गाडीखाली डोकं घालू नये, एवढी एक गोष्ट पाळली तरी पुष्कळ. पाण्याचा जीआय पाईप वापरून सायलेन्सर करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. त्यावर जस्ताचा मुलामा असतो, वेल्डिंग करताना त्याचा पांढरा धूर निघतो आणि तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. जुने मिस्त्री 'दूध पी, उतरंल' म्हणतात. दुधानं काही होत नाही, तोंडावर योग्य मास्क आणि मोकळी हवा लागते. बीएस-६ गाडीवर वेल्डिंगची कांडी टेकवण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली नाही, तर इंजिनचा संगणक जळू शकतो. तो खर्च सायलेन्सरच्या कितीतरी पट.

ऑफ-रोडवाल्यांचं एक समर्थन असतं की ओढ्यातून जाताना पाणी पाईपात शिरू नये म्हणून आम्ही तो वर घेतो. शिवनेला किंवा सुखनेला पाणी आलं की हा मुद्दा निघतोच. पण इंजिन सुरू असेल तोवर धुराच्या दाबानं पाणी आत येत नाही. इंजिनचा घात होतो तो हवा घेणाऱ्या तोंडातून पाणी गेल्यावर. नव्या थारला कंपनी ६५० मिलिमीटरपर्यंतच्या पाण्याची मर्यादा सांगते, ती कंपनीच्याच सायलेन्सरसह. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात जे पाणी आलं, तशा पाण्यात पाईप कितीही वर असला तरी गाडी घालायची नसते.

दुरुस्ती आणि बदल, दोन्ही एकाच काठीनं

या सगळ्यात एक वर्ग विनाकारण भरडला जातो. जुनी जीप, पिकअप, ट्रॅक्टर चालवणारा शेतकरी. इथली काळी माती पाईपला चिकटते, ओल धरून ठेवते. त्यात गाडी रोज शेत ते गाव एवढीच चालली की पाईप पुरता तापत नाही, आतलं पाणी सुकत नाही आणि डबा आतून गंजतो. खड्ड्यात दणका बसला की तो तुटतो. कंपनीचा डबा महाग, जुन्या मॉडेलचा तर मिळतही नाही. मग गावातल्या मिस्त्रीकडून पत्रा मारून घेणं, तसाच दुसरा डबा जोडून घेणं याला पर्याय काय? आवाज आणि धूर पूर्वीइतकाच राहत असेल तर ही दुरुस्ती आहे, बदल नाही. नाक्यावर मात्र वेल्डिंगचा ताजा डाग दिसला की दोघंही एकाच रांगेत.

ट्रॅक्टरबाबत उलटा गैरसमज आहे. 'शेतीच्या वाहनाला सायलेन्सरचा नियम नाही' असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२० शेतीच्या ट्रॅक्टरसह प्रत्येक वाहनाला सायलेन्सर हवाच असं म्हणतो. वरातीत, मिरवणुकीत डबा काढून नुसतं नळकांडं ठेवलेला ट्रॅक्टर फटफटत नेणं ही हौस त्या नियमात बसत नाही. दवाखाना, शाळा-महाविद्यालय, न्यायालय यांच्या भोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित होऊ शकतो, आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत मर्यादा आणखी खाली येते. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या पोरांचे अभ्यास ज्या खोल्यांत चालतात, त्या बहुतेक रस्त्याला लागूनच असतात.

गौताळ्याची गोष्ट आणखी वेगळी. १९८६ मध्ये घोषित झालेलं हे अभयारण्य कन्नड तालुक्यातून जळगाव जिल्ह्यात पसरलं आहे. २०२१ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत आलेला वाघ इथं कॅमेऱ्यात दिसला, तेव्हा जिल्ह्याला केवढं कौतुक होतं. त्याच जंगलाच्या कडेनं रविवारी फुटक्या आवाजाचे ताफे जातात. तिथं डेसिबल मोजायला कुणी नसतं, आणि तक्रार करणारंही नसतं.

ज्यांना खरोखर शर्यतीसाठीच गाडी तयार करायची आहे, त्यांना रस्ता बंद नाही. एफएमएससीआयच्या मान्यतेनं होणाऱ्या रॅली आणि ऑफ-रोड स्पर्धा आहेत, नाशिकला रॅलीची जुनी परंपरा आहे. तिथं गाडी ट्रेलरवर घालून नेतात, बंद मार्गावर पळवतात आणि परत ट्रेलरवरच आणतात. घरून निघून चहाच्या टपरीपर्यंत त्याच पाईपवर येणं, हा त्यातला प्रकार नव्हे.

सध्या ज्यांच्या गाडीला बाहेरचा डबा आहे, त्यांच्यापुढं सोपा मार्ग एवढाच की मूळ सायलेन्सर भंगारात दिला नसेल तर तो परत चढवावा, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि सेन्सर जागच्या जागी आहेत ना ते पाहावं, रबरी हँगर नवे टाकावेत. इंजिन थंड असताना सुरू करून पाईपचं तोंड जाड चिंधीनं क्षणभर दाबलं आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावलं तर गळती कुठं आहे ते बुडबुड्यांवरून कळतं. दुरुस्ती करून घेणाऱ्यांनी गॅरेजची पावती मागून घ्यावी, त्यावर 'जुन्यासारखाच डबा बसवला' एवढं लिहून घ्यावं. नाक्यावर ती चालेलच असं नाही. पण दंडाच्या चलनाला हरकत घ्यायची वेळ आली, तर हातात दाखवायला दुसरा कागद नसतो.